चार ते पाच गिरणी बंद राहील

आमच्या घरात बोलायला तोंड लागत नसे. झरी गावात जिंतूर रस्त्याला लागून आमची पिठाची गिरणी आणि गिरणीच्या भिंतीला भिंत लावून घर. लाईट असेल तेवढा वेळ पट्टा फिरायचा, दगड घरघरायचे, आणि त्या घरघरीत कुणी कुणाला हाक मारणं म्हणजे उगाच घसा फोडून घेणं. त्यामुळे सगळा कारभार हातांनी चालायचा. दोन बोटं ओठाला लावली की चहा. मूठ उघडून-मिटून दाखवली की जेवायला वाढलंय. तळहातावर तळहात चोळला की पीठ आणखी बारीक हवंय. दादा, म्हणजे माझे वडील, पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया वर करून "कोण आलंय?" असं विचारायचे, आणि आई कपाळावर आडवं बोट फिरवून "तुमची बहीण आली" असं सांगायची, कारण आत्याला कपाळाला आठ्या घालायची सवय होती. गंमत अशी की लाईट गेली, गिरणी थांबली, तरी आमचे हात थांबत नसत. आई-दादांची भांडणंसुद्धा हातांनीच व्हायची. एकदा आत्या दारातून हे बघून म्हणाली, "अगं बाई, ही माणसं भांडायलेत का नाचायलेत?"

मी मात्र त्या घरात जन्माची तोंडाळ. शाळेत बडबड, रस्त्यानं बडबड, घरी आले की गप्प बसायची शिक्षा. गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून बोलायचा हट्ट करायची आणि संध्याकाळी घसा बसवून घ्यायची. आता ती गिरणी मीच चालवते. केस इतके पिकलेत की डोक्यावर पीठ पडलेलं कळतही नाही, पण ती सवय काही गेली नाही.

चिमी जन्मली तेव्हा मी आठवीत होते. इतक्या उशिरा घरात पाळणा हलला म्हणून आईला लाज वाटायची आणि दादांना आनंद लपवता यायचा नाही. शेंडेफळ ते. गोरी, गुबगुबीत, डोळे टपोरे. आणि हुशार तरी किती! सव्वा वर्षाची असेल, तेव्हा दोन बोटं ओठाला लावायला लागली. आई कंबरेला हात लावून पाण्याला निघाली की ही कळशीकडे बोट दाखवायची. गिरणी सुरू झाली की फरशीवर बसल्या जागी टाळ्या पिटायची. "बगा, गिरणीचा आवाज आईकला की लेकरू कसं खूश व्हतंय," असं येणारी प्रत्येक बाई म्हणायची. अंगणवाडीच्या शकुंतलाबाई वजन करायला यायच्या. त्यांच्या कागदावर प्रश्न असायचा, टाळी वाजवली की बाळ वळून बघतं का? आई सांगायची, "बगती की. लगेच बगती." त्या टिक करायच्या आणि पुढच्या घरी जायच्या. खोटं कुणीच बोलत नव्हतं.

मग एक दुपार आली. मी शाळेतून भुकेली आणि चिडलेली आले. लाईट गेलेली, दादा गिरणीच्या दगडाला छिन्नीनं टाकी लावत बाहेर बसलेले, आई शेजारी कुणाकडे तरी येसराचा मसाला भाजायला गेलेली. तो खमंग वास आमच्या घरापर्यंत येत होता, त्यानं भूक आणखीच खवळली. चिमी बाजेवर पाठमोरी बसून चमच्याशी खेळत होती. मी हाक मारली, "चिमे!" तिनं बघितलं नाही. पुन्हा मारली. नाही. मला राग आला, एवढीशी कार्टी आणि एवढा तोरा! मी फळीवरचं स्टीलचं ताट काढलं, पळी घेतली आणि तिच्या डोक्यामागे ताटावर जोरात बडवली. बाहेरून दादा ओरडले. चिमी चमच्याशीच खेळत राहिली.

 मी तिला बाजेवरून उचलून खाली फरशीवर बसवलं आणि तिच्या मागे जाऊन पाय आपटला. ती गर्रकन वळली आणि हसली. पुन्हा बाजेवर ठेवली, पुन्हा ताट बडवलं. काही नाही. खाली ठेवली, पाय आपटला, वळली. चार वेळा केलं. मग मी तिथंच ताट घेऊन बसले आणि रडले. ती ऐकत नव्हती, तळपायांनी ओळखत होती. गिरणी सुरू झाल्यावरच्या टाळ्यासुद्धा कानांच्या नव्हत्या. दुसऱ्या कुठल्याही घरात हे सहा महिन्यांत कळलं असतं. आमच्या घरात सगळेच हातांनी बोलायचे, त्यात हीही बोलली, एवढंच.

आईला सांगितलं तर तिनं मला झापलं. "तोंडाला येईल ते बोलू नको! सगळं समजतंय तिला. तुज्यापेक्षा जास्त समजतंय." दादांना सांगितलं तर ते उठून पुन्हा दगडाला टाकी लावायला बसले. दुसऱ्या दिवशी मी शाळेत न जाता अंगणवाडीत गेले आणि शकुंतलाबाईंना हाताला धरून घरी आणलं. बाजेवर, फरशीवर, सगळं त्यांच्यापुढे करून दाखवलं. त्या बिचाऱ्या पांढऱ्याफटक पडल्या. म्हणाल्या, "माज्या हातून टिक झाली गं माय." मग पिशवीतून कागद काढून त्यांनी परभणीच्या सरकारी दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहिली. तिथं लहान लेकरांसाठी वेगळं केंद्र होतं. उशिरा चालणारी, न बोलणारी, मान न धरणारी, अशी सगळी लेकरं तिथं तपासत, शिकवत, आणि आईबापांनाही शिकवत.

दादा यायला तयार होईनात. "माजं काय काम तितं? तुमी जा." मी आणि आई चिमीला घेऊन मंगळवारच्या एसटीनं निघालो. फडक्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधलेली. केंद्राच्या भिंतींवर हत्ती-ससे काढलेले होते आणि बाकांवर आमच्यासारखीच माणसं बसलेली होती. सेलूकडची एक बाई मांडीवरच्या मुलाचे पाय चोळत होती, न थांबता. आईनं तिच्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. तोवर तिला वाटत होतं की जगात हे फक्त तिच्याच नशिबी आलंय.

कान तपासणाऱ्या मॅडम तरुण होत्या, चपळ, आणि बोलण्यात सरळ. दोन-तीन वेळा बोलावून, यंत्रं लावून, चिमीला झोपवून त्यांनी तपासलं आणि मग आईला समोर बसवलं. "दोन्ही कानांनी खूप कमी ऐकू येतं. पण थोडं येतं. यंत्र लावू, त्यावर काम करू. वय लहान आहे, हीच वेळ आहे. हिला बोलता येईल की नाही ते पुढच्या एक-दोन वर्षांत ठरेल." आईनं पहिला प्रश्न विचारला तो असा, "गिरणीनं झालं का, मॅडम? हिच्या बापानं तेच डोक्यात घेतलंय. जेवत न्हाईत ते." तेव्हा मला कळलं की दादा का येत नव्हते. मॅडम म्हणाल्या, "जन्मापासूनच आहे हे. गिरणीचा काही दोष नाही. त्यांना सांगा, आणि पुढच्या वेळी घेऊन या."

दादा आले. धुतलेलं पांढरं धोतर नेसून, तरी कानाच्या पाळीमागे पीठ होतंच. मॅडमनी त्यांना विचारलं, "बाळाशी तुम्ही काय बोलता?" दादांनी हात वर केले, दोन बोटं ओठाला नेली आणि थांबले. त्यांना खरंच दुसरं काही आठवेना. मॅडम हसल्या नाहीत. "हात वाईट नाहीत. पण तुमच्या हातांमुळे तिला आवाजाची गरजच पडत नाही. यंत्र लागल्यावर तोंडानं बोलायचं, दिवसभर, जे करताय ते सांगत. ती कानानं आज जन्मली असं समजा. नवं लेकरू वर्षभर नुसतं ऐकतं, मग बोलतं. तेवढा धीर धरायचा." मी सगळं वहीत लिहून घेत होते. यंत्र सुरुवातीला शांत खोलीत लावावे, हळूहळू वेळ वाढवावी, मोठ्या आवाजापासून जपावे. माझ्याच अक्षरात आहे ते, वही अजून माझ्याकडे आहे.

तांबूस रंगाची, करंगळीच्या पेराएवढी दोन यंत्रं मिळाली त्या दिवशी दादा इतके खुलले होते, की एसटीत अनोळखी माणसाला चिमीचे कान दाखवत होते. घरी आल्यावर त्यांनी नारळ मागवला. गिरणीला हार घातला, दगडाला कुंकू लावलं. लेकीनं घरात ऐकायचा पहिला आवाज आपल्या गिरणीचा असावा असं त्यांच्या मनात होतं. ज्या आवाजावर घर चालत होतं, ज्याला ते इतके दिवस मनातल्या मनात दोष देत होते, त्याचं आणि लेकीचं गोड व्हावं असं त्यांना वाटलं असेल. दारात आळीतल्या बायका जमल्या. माझ्या पिशवीत वही होती. मला मोठ्या आवाजाचं ते वाक्य पाठ होतं. पण दादांचा चेहरा इतका उजळलेला मी कधी बघितला नव्हता, म्हणून मी, जन्माची तोंडाळ, गप्प बसले.

दादांनी चिमीला कडेवर घेतलं आणि स्टार्टर दाबला.

तिनं फोडलेली ती किंकाळी अजून माझ्या अंगावर काटा आणते. ती मागे फेकली गेल्यासारखी ताठ झाली. दोन्ही हातांनी कान ओरबाडले, यंत्रं काढून फेकली, एक पिठात पडलं. दादांनी गिरणी बंद केली तरी ती थांबेना. काळीनिळी होईपर्यंत रडली, आणि सगळ्यात वाईट म्हणजे दादांच्या कडेवरून सुटायला धडपडली. पुढे तीन आठवडे यंत्राची डबी दिसली तरी ती बाजेखाली जाऊन लपायची. दादांनी हार काढून उकिरड्यावर टाकला. "लिवलेलंच नसंल तिच्या कपाळी," आई म्हणाली. चूक माझी होती. कपाळाचा काही संबंध नव्हता. मी ते घरात कुणाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी स्वतःला बजावलं की आता ही पोरगी बोलेपर्यंत मी कुणाच्या चेहऱ्याकडे बघून गप्प बसणार नाही.

मंगळवारी मी मॅडमना खरं काय ते सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "रोज एक तास हवा. पूर्ण शांत. ठरलेल्या वेळी, ती जागी आणि पोट भरलेली असताना, आणि घरातल्या सगळ्यांनी बसायचं." मी आधी लाईट जाण्याच्या वेळा धरून बघितल्या, पण त्या दर आठवड्याला बदलायच्या, आणि लाईट गेली की चिमी उकाड्यानं कुरकुरायची नाहीतर झोपायची. चिमी झोपून उठलेली आणि मी शाळेतून आलेली, असा एकच तास जमत होता, दुपारी चार ते पाच. पण तोच गिऱ्हाइकांचा तास. शेतातून आलेल्या बाया संध्याकाळच्या भाकरीसाठी तेव्हाच ज्वारीचे डबे घेऊन यायच्या. दादांनी मान हलवली. हातानं दाखवलं, गिऱ्हाईक जाईल. गावाच्या दुसऱ्या टोकाला दुसरी गिरणी होतीच.

दुसऱ्या दिवशी पावणेचारला मी मेन स्विच पाडला, फ्यूज उपटला आणि दप्तरात टाकला. चारला दादांनी स्टार्टर दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. मग फ्यूजचा डबा उघडून बघितला आणि माझ्याकडे बघितलं. मी दप्तर छातीशी धरून दारात उभी होते. बाहेर सात-आठ बाया.

"कुटंय फ्यूज?" दादा ओरडले. घरात त्यांचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. हातही उगारला होता.

मी म्हणाले, "असंच बोला! तिच्याशी असंच तोंडानं बोला, दादा, फक्त हळू बोला! एक तास द्या. रोज. न्हाईतर मी रोज फ्यूज काढते."

 उगारलेला हात खाली आला, पण मला लागला नाही. ते भिंतीला टेकून खाली बसले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पिठातून वाट काढत. "भ्या वाटतंय पोरी," ते म्हणाले. "मी जवळ गेलो की रडती ती." मीही रडले. मग मी आत गेले आणि चिमीला बाजेखालून ओढून काढलं. त्या दिवशी यंत्र पाच मिनिटं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी पत्र्यावर चुन्यानं लिहून दाराला पाटी लावली: चार ते पाच गिरणी बंद राहील.

कौसाबाई आमची सगळ्यात जुनी गिऱ्हाईक, जिभेला धार असलेली. तिनं पहिल्याच दिवशी हंगामा केला. "लाईट हाय की! मग कामून बंद? खामखा बसायचं का आमी इतं?" दादांनी तिला खरं कारण सांगितलं. ती डबा उचलून तरातरा दुसऱ्या गिरणीवर गेली. आणखी दोघी-तिघी गेल्या. दादा बघत राहिले, पण पाटी काढली नाही.

त्या तासाला आमची खरी परीक्षा होती. बोलायची सवयच नाही! आई बोलायला लागली की तिचे हात आपोआप उठायचे, मग ती ते पदरात गुंडाळून बसायची. दादा हात मांडीखाली दाबून धरायचे आणि शाळेत फळ्यापुढे उभं केलेल्या मुलासारखे घाम पुसायचे. त्यांना सुचायचं ते फक्त गिरणीतलं. "ही ज्वारी. शाळू ज्वारी. ही भागूबाईची. हे गहू. हे बघ, हातात घे. गहू." चिमी त्यांच्या मांडीवर बसायला महिना लागला. मी वहीत रोज लिहायची: आज वीस मिनिटं, आज पाऊण तास, आज यंत्र शिट्टी मारत होतं, आज सर्दी. मॅडम दर मंगळवारी वही बघायच्या आणि नवीन काहीतरी करायला सांगायच्या. वस्तू दाखवायच्या आधी तिचं नाव घ्या. बोलून झालं की थांबा, तिला वेळ द्या. आम्ही थांबायचो. ती नुसती बघायची.

असे किती महिने गेले! ज्वारी निघाली, नवे गहू आले, मिरची दळायचे दिवस आले आणि आम्ही खोकत खोकत बोलत राहिलो. एकदा आई वैतागून उठली, "भिंतीशी बोलल्यावानी वाटायलंय मला." मीच तिच्यावर ओरडले, "मग भिंतीशी बोल, पण बस!" आईशी असं बोलल्याची आज लाज वाटते. पण ती बसली. हळूहळू चिमी बांगड्यांच्या आवाजाला वळायला लागली, एसटीच्या भोंग्याला दचकायला लागली, ओठांतून नुसती हवा काढून काहीतरी म्हणायला लागली. शब्द मात्र एकही नाही. मधल्या काळात कौसाबाई परत आली. दुसऱ्या गिरणीचं पीठ जाड येतं असं तिनं कारण सांगितलं. ती चारलाच यायची आणि दारात बसून, हात पदराखाली घेऊन, चिमीला आपल्या सुनेच्या तक्रारी सांगायची, अगदी शांतपणे, एकेक शब्द सुटा करून.

असेच एक दिवस पाच वाजले. दारात नेहमीपेक्षा जास्त बाया होत्या, कारण आदल्या दिवशी लाईट नव्हती आणि सगळ्यांच्या घरचं पीठ संपलेलं. दादा कुणाच्यातरी बाजरीबद्दल चिमीला सांगत होते, ते अर्ध्यावर सोडून उठले. रोजच्याप्रमाणे मी तिच्या कानातलं यंत्र काढायला पुढे झाले. तिनं माझा हात ढकलला. दादांच्या मागे धावली, त्यांचं धोतर दोन्ही मुठींनी धरलं. दादांचा हात स्टार्टरवर होता.

"नको," चिमी म्हणाली.

आम्हाला वाटलं, भास झाला. आईनं माझ्याकडे बघितलं. दादा वळले.

"नको," ती पुन्हा म्हणाली, आणि या वेळी पाय आपटून म्हणाली. जड, घोगरा, नाकातून आलेला आवाज. पण शब्द पुरा होता. तिला गिरणी नको होती. तिला बाप आणखी बोलायला हवा होता.

दादांनी स्टार्टरवरचा हात काढला. तिला उचललं, छातीशी घट्ट धरलं.  मग दारातल्या बायांकडे बघून म्हणाले, "बायांनो, आज गिरणी चालू व्हायची न्हाई. माजी लेक नको म्हनली."

 त्यांच्या घरी शेतातून दमून आलेली माणसं होती, चुली पेटवायच्या होत्या. मग कौसाबाई उठली, गुडघ्यावर हात टेकत. पदरानं डोळे पुसले, ज्वारीचा भरलेला डबा डोक्यावर घेतला.

"म्हनली ना ती? मी आईकलं," ती म्हणाली. "मग नको. चला गं."

त्या संध्याकाळी आमच्या आळीत भाकरी झाली नाही. सगळ्यांनी खिचडी खाल्ली.